शनिवारचा हुदहुद

मित्रांनो, तुम्ही कधी उत्तर इंग्लंडात एल्डरवॉटर तळ्याच्या काठी आलात, तर शेवटच्या घरामागे फर वृक्षांच्या जंगलाला लागून एक कापलेला बुंधा दिसेल. त्यावर मी बसलेली असते. एका बाजूला पोचा, काठावर हिरवट डाग आणि पोटात पाखरांनी टाकलेली टरफलं. अशा अवतारात मला पाहून कोणी कुत्र्याचं भांडं म्हणतं. एका पर्यटक बाईने तर गाडीच्या चाकाचं झाकण समजून मला उचलून पाहिलं होतं. मी रागावले नाही. मी एक जुनी पितळी परात आहे आणि रागावणं हे काही परातीचं काम नाही.

इथून बर्मिंगहॅमसुद्धा लांब आहे आणि माझं जन्मगाव तर फारच लांब. मी घडले रेवदंड्याच्या बाजूला, एका तांबटाच्या हाताखाली. पुष्कळ ठोके खाल्ले. स्वतःची गोष्ट सांगणारी भांडी या ठोक्यांबद्दल फार हळहळतात. मला त्याचं काही वाटत नाही. ठोके बसले नसते तर मी पत्राच राहिले असते, आणि पत्र्यात कोणी मलिदा करत नाही.

मला विकत घेतलं नागावच्या एका बाईने. ती बेने इस्रायली होती, म्हणजे कोकणात कित्येक पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांपैकी. त्यांच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा होता. सारं गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण शनिवारी त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद. बैल मोकळा, माणूस मोकळा, गिऱ्हाइकाने कितीही हाका मारल्या तरी तेल मिळायचं ते रविवारी. माझ्या काळापर्यंत घाणा गेला, बैल गेला, तेलही दुकानातून येऊ लागलं. शनिवार मात्र त्या घरात तसाच राहिला.

माझं काम वर्षातून थोड्याच वेळा असायचं, पण मानाचं. घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा झाला, कोणी प्रवासाला निघालं, की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी आणि गुलाबाच्या पाकळ्या. हे सगळं माझ्यात रचून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. प्रार्थना संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लहान मुलं माझ्याभोवती नाकं पुढे करून बसायची. त्या वेळी माझा तोरा काय वर्णावा! कल्हई केल्यावर तर मी नव्या नवरीसारखी मिरवायचे.

त्या बाईचा मुलगा आयझॅक. तो इंजिनीयर होऊन इंग्लंडला निघाला, तेव्हाही माझ्यात मलिदा झाला. दुसऱ्या दिवशी आईने मला गोधडीत गुंडाळून त्याच्या ट्रंकेत घातलं. ट्रंक बंद होईना. तिने त्याचा एक सूट बाहेर काढला आणि झाकण दाबलं.

"आई, सूट लागेल गं तिथे," आयझॅक म्हणाला.

"सूट तिथेही मिळतील. परात मिळेल का?"

तिचं म्हणणं खरं होतं. बर्मिंगहॅममध्ये सूट मिळाला, परात मिळाली नाही.

बर्मिंगहॅममधली माझी वर्षं बरी गेली. आयझॅकने मुंबईच्या लिलीशी लग्न केलं. ती तिथल्या एका इस्पितळात नर्स होती. माझी कल्हई उडाली, पण इंग्लंडात कल्हईवाला कुठून आणणार? लिलीने युक्ती केली. ती आधी माझ्यात पांढरं स्वच्छ कापड अंथरायची आणि वर मलिदा रचायची. लंडनहून चार कुटुंबं यायची. "लिली, अशी परात आता नागावातसुद्धा राहिली नाही हो," असं कोणी म्हटलं की मी आतल्या आत फुगायचे. त्यांची मुलगी जेसिका माझ्या काठाला धरून उभी राहायला शिकली. खोबऱ्याचे तुकडे पळवण्यात ती पटाईत होती.

मग मुलं मोठी झाली. लंडनच्या घरांमधलं मराठी आटलं, येणं-जाणं आटलं. जेसिका केंब्रिजला शिकली, मेडनहेडला नोकरीला लागली, तिथेच संसार थाटला. मी माळ्यावर गेले. माझ्या एका बाजूला बिघडलेला हीटर आणि दुसऱ्या बाजूला चाक तुटलेली बॅग होती. दोघंही फारशी बोलकी नव्हती. किती वर्षं तशी गेली ते मी मोजलं नाही.

आम्ही इथे आलो ते लिलीमुळे. एका हिवाळ्यात दोघं सहलीला म्हणून इकडे कंब्रियात आली आणि एल्डरवॉटरच्या काठी गाडी थांबवून चहा पीत बसली. तळ्यावर हंस उतरत होते. हे हूपर हंस आइसलँडहून थंडीत इथे येतात. लिली चहा विसरून बघत राहिली.

"अहो, रिटायर झाल्यावर आपण इथे राहू या."

"इथे?" आयझॅक म्हणाला. "अगं, प्रार्थनेला दहा माणसं लागतात. इथे दहा माणसं कुठून आणू?"

"दहा हंस आहेत ना," लिली म्हणाली.

हा किस्सा तो मागाहून येईल त्या पाहुण्याला सांगायचा, म्हणून मला पाठ आहे.

घर मिळालं ते तळ्याच्या अगदी कडेला, मागे जंगल. हिवाळ्यात इथे काय काय येतं म्हणता! फरच्या शेंड्यांवर चोचीची टोकं एकमेकांवरून गेलेले क्रॉसबिल. पाण्यावर सोनेरी डोळ्यांची गोल्डनआय बदकं. शेतांवर फील्डफेअरचे थवे. अंगणात रॉबिन, चॅफिंच, इवलेसे कोल टिट, आणि त्या सगळ्यांना हुसकावून लावणारी लाल खार. लिलीने पाखरांसाठी दाणे आणले, चरबीचे गोळे आणले आणि रॉबिनसाठी वाळलेल्या अळ्याही आणल्या. अळ्यांचा डबा मात्र ती हातमोजे घालून उघडायची.

इथेच माझ्या आयुष्याने वळण घेतलं, आणि ते आयझॅकच्या घाईमुळे. नोव्हेंबर संपता संपता उत्तरेकडे सूर्य दुपारीच मावळतो. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, मग कामं बंद. त्यामुळे या घरातले शुक्रवार म्हणजे नुसती पळापळ. त्या दिवशी लिलीने मलिद्यासाठी मला माळ्यावरून काढून, चिंच लावून लख्ख घासून ओट्यावर ठेवलं होतं. सूर्य डोंगराला टेकला होता. पाखरांना अजून खाणं घातलं नव्हतं. आयझॅक धावत आला, समोर दिसली ती मी, आणि त्याने भिजवलेल्या अळ्यांचा अख्खा डबा माझ्यात उपडा केला.

"अहो! हे काय केलंत!" लिली किंचाळली.

आयझॅकने माझ्याकडे पाहिलं, मग अळ्यांकडे पाहिलं. "परात धुता येते की," तो हळूच म्हणाला.

"एलियाहू हन्नबीच्या परातीत किडे? ही परात माझ्या स्वयंपाकघरात परत येणार नाही!"

झालं. जिच्यात गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या तिच्या पोटात अळ्या. मलिदा त्या दिवशी स्टीलच्या ताटात झाला आणि माझी रवानगी अंगणातल्या बुंध्यावर. पहिले काही दिवस मी स्वतःची फार कीव केली, हे कबूल करते. पण रॉबिन काही सोवळं-ओवळं पाळत नव्हता. तो माझ्या काठावर बसून मान वाकडी करून बघायचा. मीही हळूहळू त्याच्याकडे बघायला शिकले. लिलीचा रागही टिकला नाही. पाखरांच्या भांड्यातली घाण पाखरांना आजारी पाडते, असं कळल्यापासून ती दर आठवड्याला स्वतः मला कडकडीत पाण्याने धुवायची. धुताना म्हणायची, "हन्नबीला रानात कावळ्यांनी जेवण आणून दिलं होतं. आता आपण पाखरांना देतोय. फिटंफाट."

दोन वर्षांपूर्वी लिली गेली. आजार लांबला नाही. त्यानंतर मला धुवायचं काम आयझॅककडे आलं आणि तो कधी धुवायचा, कधी विसरायचा.

विसरण्याबद्दल मी खरं तेच सांगते. आयझॅक विसरायचा. गॅसवर दूध ठेवून तळ्यावर जायचा. नातीला फोनवर एकदोनदा लिली म्हणून हाक मारली. तिचं नाव शानी. ती हसली, पण तिची आई जेसिका हसली नाही. मेडनहेडला जेसिकाच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट आहेत. खाली नर्स असते, जेवण मिळतं. एक फ्लॅट रिकामा होणार होता. दर रविवारी जेसिका त्याचा विषय काढायची आणि दर रविवारी आयझॅक हवामानाचा विषय काढायचा. मला हे ठाऊक, कारण या घरात मोबाईलला रेंज नाही. ती येते ती फक्त माझ्या बुंध्यापाशी. घरातलं सगळं राजकारण माझ्यासमोरच चालतं.

अशा त्या दिवसांत तो शनिवार आला.

हवा ओली आणि जरा उबदार होती. शुक्रवारी मावळतीच्या आत आयझॅकने माझ्यात दाणे आणि भिजवलेल्या अळ्या घातल्या होत्या. पावसाचं पाणीही साचलं होतं. तो सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत फ्लास्कमधला चहा घेऊन बसला होता. शब्बाथला शेगडी पेटवायची नाही, म्हणून चहा आदल्या दिवशीचा. त्याचा मोबाईल बंद करून खणात ठेवलेला. कॅमेरा खिडकीशेजारच्या फळीवर.

अचानक चॅफिंच उडून गेले आणि माझ्या काठावर नखं वाजली. आलेल्या पाखराची चोच लांब आणि बाकदार. अंग पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. त्याने डोक्यावरचा तुरा उघडला, मिटला. मी त्याला लगेच ओळखलं. नागावच्या अंगणात मला उन्हात वाळत टाकायचे, तेव्हा माझ्या शेजारी माती उकरत फिरायचा तो हुदहुद! असले हुदहुद वाट चुकून क्वचित इंग्लंडात येतात, पण दक्षिणेकडे, तेही वसंतात. हा थंडीच्या तोंडावर इतक्या वर कसा आला, ते त्यालाच ठाऊक. भुकेला मात्र फार होता.

खिडकीत आयझॅक उभा राहिला. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. हात एकदा फळीपर्यंत गेलाही. मग त्याने तो खाली घेतला, दोन्ही तळवे काचेला टेकले आणि नुसतं पाहिलं. शनवार तेल्याचा वंशज तो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी घाणा बंद म्हणजे बंद.

हुदहुदने अळ्या संपवल्या. मग जंगलाकडे तोंड करून अंग जोरात झटकलं. तेव्हा त्याच्या तुऱ्यातलं एक पीस गळून माझ्यातल्या पाण्यात पडलं. केशरी, टोकाला काळं. आयझॅकला ते दिसलं नाही, त्याचे डोळे पाखरावर खिळले होते. पाखरू उडालं, तळ्यावरून दक्षिणेकडे गेलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

आभाळात तारे दिसले, शब्बाथ संपला, तसा आयझॅक मोबाईल घेऊन माझ्यापाशी आला. थंडी वाढली होती. त्याने जेसिकाला फोन लावला.

"जेसी, आज हुदहुद आला होता!"

"कोण आला होता?"

"हुदहुद गं. आपल्या नागावच्या अंगणात यायचा तो. मम्मीच्या परातीत बसून खाऊन गेला!"

"डॅडी," जेसिका जपून म्हणाली, "आज मेडिसिन्स घेतल्या का तुम्ही?"

"घेतल्या. तू ऐक तर. एवढा तुरा..."

"वेट, मी गूगल करते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "डॅडी, हा बर्ड हॉट कंट्रीजमध्ये असते. कंब्रियात विंटरमध्ये नसते. आर यू शुअर? फोटो काढला?"

"आज शनिवार ना, जेसी."

"ओके," ती म्हणाली. हे ओके कोणत्या जातीचं होतं, ते मला कळलं आणि आयझॅकलाही कळलं असावं. त्याने हवामानाचा विषय काढला.

त्या रात्री बर्फ पडलं आणि मी त्याखाली गाडली गेले. माझ्यातलं पाणी गोठलं, पाण्यात दाणे गोठले, आणि दाण्यांमध्ये ते पीस.

रविवारी जेरेमी आला. तळ्यावर पक्षी बघायची एक लाकडी खोली आहे. तिची देखभाल तो करतो, आणि कोणता पक्षी दिसला ते तिथल्या फळ्यावर लिहितो. जेरेमी भला माणूस. त्याने आयझॅकचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "आयझॅक, 'जे' नावाचा पक्षी असेल तो. जंगलात ते पुष्कळ आहेत. अंग गुलाबीसर, पंखात काळं-पांढरं, डोक्यावरची पिसं उभी करतो."

"ते तर मी रोज बघतो, जेरेमी. माझे डोळे शाबूत आहेत."

"मला तुझ्यावर विश्वास आहे रे. पण फोटो नसेल तर मी फळ्यावर लिहू शकत नाही."

मित्रांनो, पुरावा त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता. बर्फावर नुसती फुंकर घातली असती तर माझा काठ दिसला असता. पण परातीला तोंड नसतं. मला एरवी त्याची खंत नाही. त्या दिवशी मात्र फार वाटली.

जेरेमी निघाल्यावर आयझॅक माझ्यावरचं बर्फ झाडायला आला आणि पायरीवरच घसरून पडला. जेरेमी धावत परत आला, त्याला उठवून आत नेलं. हाड मोडलं नाही, गुडघा सुजला. जेसिकाला हे कळायचं ते कळलंच. एकाच शनिवार-रविवारात नागावचं पाखरू आणि पायरीवरून पडणं. तिने ऑफिसातून रजा घेतली, फ्लॅटवाल्यांना होकार कळवला आणि गुरुवारी गाडी घेऊन इथे आली.

तिला वाईट म्हणू नका. ती आल्याबरोबर वडिलांचा गुडघा शेकत बसली होती. रात्री माझ्यापाशी येऊन नवऱ्याशी फोनवर बोलताना रडली. "ही थिंक्स ही इज इन नागाव," ती म्हणाली. "मी आणखी किती वेट करू? नेक्स्ट टाइम तो तळ्यात पडला तर?" मी ऐकत होते. तिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

शुक्रवारी ती सामान बांधत होती. रविवारी निघायचं ठरलं होतं. आयझॅक खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. त्याने कशालाच नाही म्हटलं नाही. पुस्तकं चॅरिटीला, हो. लिलीचे बूट चॅरिटीला, हो. फक्त दुपारी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "ती परात तेवढी बरोबर घे."

"डॅडी, त्याच्यात बर्ड्सची शी आहे!"

"धू. धुतलं की जातं. तुझी मम्मी धुवायची."

जेसिका बाहेर आली. मी बुंध्याला चिकटून बसले होते, तिने काठाला हिसडा देऊन मला सोडवलं. किती वर्षांनी मी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला! पण आनंदायला सवड नव्हती. तिने मला सिंकमध्ये ठेवलं आणि किटलीतलं गरम पाणी ओतलं.

बर्फ कडकडलं, कडेने सुटलं. दाणे वर आले. मग बर्फाचा पातळ पापुद्रा वितळला आणि ते पीस सिंकच्या जाळीकडे वाहत निघालं. जेसिकाने जाळीवर बोट ठेवलं.

ती ते बघत राहिली. केशरी, टोकाला काळं. आठवड्यापूर्वी तिनेच मोबाईलवर त्या पक्ष्याचं चित्र पाहिलं होतं. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. बोट उचललं असतं तर पीस खाली गेलं असतं, रविवारी गाडी सुटली असती आणि या जगात मी सोडून कोणाला काही कळलं नसतं. फ्लॅट मिळाला होता. रजा संपत आली होती. हे सगळं तिच्या मनात आलं की नाही, मी कसं सांगू? बोट जाळीवर होतं एवढं मी पाहिलं.

तिने पीस उचललं. चहाच्या फडक्यावर ठेवून हलकेच टिपलं. ते तळहातावर घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"डॅडी."

"हं. झाली धुवून?"

"डॅडी, हे परातीमध्ये होता. बर्फात."

आयझॅक म्हणाला, "बघू. चष्मा दे."

"आय अ‍ॅम सॉरी. तुम्ही सांगितलं होतं आणि मी..."

"अगं, मला ठाऊकच होतं की तो आला होता," आयझॅक म्हणाला. "रडतेस कशाला? तुला ठाऊक नव्हतं, एवढंच."

"मला वाटलं तुमचं... मला वाटलं, मम्मीसारखे तुम्हीपण आता जाणार. तिकडे, नागावला. मी इथे एकटी."

यावर आयझॅकने काय केलं ते मला दिसलं नाही. खुर्ची करकरली एवढं खरं.

थोड्या वेळाने जेसिका मोबाईल घेऊन धावत दाराकडे निघाली. पिसाचा फोटो काढून जेरेमीला पाठवायचा होता, आणि रेंज बाहेर. सूर्य डोंगराआड उतरत होता.

"जेसी," आयझॅकने हाक मारली. "उद्या संध्याकाळी पाठव. पीस कुठे पळून जात नाही."

जेसिका कित्येक वर्षं शब्बाथ पाळत नव्हती. ती दारात थांबली. मोबाईलकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात आली आणि खण उघडून वडिलांच्या मोबाईलशेजारी आपला ठेवून दिला. लिलीचे शब्बाथचे दिवे बांधलेल्या खोक्यातून काढून लावले. नंतर त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून आला.

"कसा होता तो? सांगा ना."

आयझॅक सांगू लागला. चोच कशी होती, तुरा कसा उघडला, कसा मिटला, अळी वर उडवून कशी झेलली. सांगता सांगता नागावचं अंगण आलं, आईची गोधडी आली, ट्रंकेतून काढलेला सूट आला. मधेच एकदा त्याने जेसिकाला लिली म्हटलं. तिने ते दुरुस्त केलं नाही. मी सिंकमध्ये गरम पाण्याने भरलेली, लख्ख, ते ऐकत होते. माझ्या साऱ्या आयुष्यात इतका सुंदर मलिदा झाला नव्हता, असं मला वाटलं.

रविवारी गाडी निघाली ती एकट्या जेसिकाची. तो फ्लॅट दुसऱ्या कोणाला गेला. पुढे वेळ येईलच, ते आयझॅकही जाणून आहे. वेळ आली की सांगेन, असं त्याने तिला वचन दिलंय आणि तिने ते खरं मानलंय. गॅसची शेगडी गेली, आपोआप बंद होणारी आली. पायरीला कठडा बसला. जेरेमी रोज सकाळी एक चक्कर मारतो. पिसाचा फोटो पाहून त्याने फळ्यावर हुदहुद लिहिला, आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं नाही. आयझॅकला ते पाहून फार बरं वाटलं.

मी पुन्हा बुंध्यावर आले. मला त्याचं दुःख नाही. हिवाळा चालू आहे, हंस आलेत, रॉबिन सकाळपासून दोनदा भांडून गेलाय.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. पाखरांना खाऊ घालाल तर भांडं आठवड्याला धूत जा. अन्न देऊन आजार देऊ नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणालं, "मी पाहिलं," तर "नक्की का?" विचारायची घाई करू नका. आधी "कसं होतं?" असं विचारा, आणि मग खाली बसून ऐका.

या वेळी पीस माझ्यात पडलं, पाणी गोठलं आणि जेसिकाने जाळीवर बोट ठेवलं. दर वेळी असं होत नाही.